दारू सोडायची आहे, जवळची मीटिंग कुठे भरते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गटाचा फोन आठवड्यातून दोन रात्री माझ्याकडे असतो. फोन वाजतो, पलीकडे आधी नुसता श्वास ऐकू येतो, मग कुणीतरी दबक्या आवाजात म्हणतं, "एका मित्रासाठी विचारत होतो." चौदा वर्षांपूर्वी मीही मित्रासाठीच विचारलं होतं. त्या फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि मी देतो ती उत्तरं इथे लिहिली आहेत. मी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे ए.ए.चा, एक साधा सभासद आहे. ए.ए.च्या वतीने बोलायचा अधिकार आमच्यात कुणालाच नसतो, तेव्हा हे माझं म्हणणं समजा. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरची गरज आहे तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

मीटिंग म्हणजे नेमकं काय? तिथे उपदेश करतात का?

नाही. दारूने ज्यांच्या घराची धूळधाण केली अशी दहा-वीस माणसं एका खोलीत तास-दीड तास बसतात आणि एकेक जण स्वतःबद्दल बोलतो. याला आम्ही शेअरिंग म्हणतो. बोलणाऱ्याला मध्ये कुणी तोडत नाही, "शिकलासवरलेला असून असं कसं केलंस?" असं कुणी विचारत नाही. तिथे साहेब नसतो आणि समुपदेशकही नसतो. सगळेच एका आजाराचे रुग्ण. या आजाराला मराठीत मद्यपाश म्हणतात, आणि मला तो शब्द फार नेमका वाटतो.

याची सुरुवात कशी झाली ते सांगतो, कारण पुढच्या उत्तराशी त्याचा संबंध आहे. १९३५ सालच्या मे महिन्यात बिल डब्ल्यू. नावाचा न्यू यॉर्कचा एक शेअर दलाल अमेरिकेतल्याच ॲक्रन गावी अडकला होता. धंद्याचं काम फसलं होतं. दारू सोडून त्याला पाचेक महिने झाले होते. हॉटेलच्या एका टोकाला बार आणि दुसऱ्या टोकाला टेलिफोन. तो टेलिफोनकडे गेला आणि चर्चच्या यादीवरून फोन लावून विचारू लागला, या गावात माझ्यासारखा कुणी दारुडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. त्यातून डॉ. बॉब या सर्जनची गाठ पडली. डॉ. बॉबनी त्यानंतर महिन्याभरात, १० जून १९३५ ला, शेवटचा घोट घेतला. तोच ए.ए.चा स्थापना दिवस मानतात. भारतात हे काम १९५७ साली मुंबईत सुरू झालं.

माझ्या घराजवळची मीटिंग कशी शोधू?

पत्ता शोधत बसू नका, माणूस शोधा. बिलनेही फोनवर माणूसच शोधला होता. हे मी पोटतिडकीने सांगतो, कारण पत्ता खिशात घालून सहा-सहा महिने फिरलेले लोक मला माहीत आहेत. पत्ता वाट बघत बसतो. माणूस मात्र "आज येताय ना?" म्हणून उलटा फोन करतो.

ए.ए.च्या भारतातल्या संकेतस्थळावर मीटिंग शोधायची सोय आहे आणि संपर्काचे नंबरही आहेत. मोठ्या शहरांत अनेक गटांचं मिळून एक इंटरग्रुप असतं, त्यांच्याकडे त्या भागातल्या मीटिंगचं वेळापत्रक मिळतं. फोन लावलात की फक्त इतकंच सांगा: मी अमुक भागात राहतो, संध्याकाळी इतक्या वाजता मोकळा होतो, मराठीत बोलणारा गट हवा. नाव सांगायची गरज नाही. "आज किंवा उद्या कुठली मीटिंग आहे?" असंच विचारा. "सोयीची कुठली?" असं विचाराल तर सोय कधीच होणार नाही.

फोनवर बोलायचा धीर होत नसेल तर आणखी वाटा आहेत. सरकारची व्यसनमुक्तीसाठीची मोफत हेल्पलाइन आहे, १४४४६. मन फार खचलं असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना आसपासच्या मीटिंगची बहुधा माहिती असते. व्यसनमुक्ती केंद्राच्या दारावरही विचारता येतं. तिथे भरती व्हायलाच हवं असं नाही.

वेळेवर गेलो, पण शाळेला कुलूप होतं. असं का?

आपल्याकडच्या मीटिंग बऱ्याचदा महापालिकेच्या शाळेत, चर्चच्या हॉलमध्ये, एखाद्या समाजमंदिरात भरतात. जागा आमची नसते, मागून घेतलेली असते. परीक्षा आल्या, निवडणुकीचं मतदान केंद्र पडलं, गणपतीचं सामान येऊन पडलं की खोली बदलते. संकेतस्थळावर मात्र जुनाच पत्ता राहिलेला असतो. त्या कुलपाकडे बघून मनात काय येतं ते मला ठाऊक आहे: "बघ, देवाच्याही मनात नाही." तसं काही नसतं. निघण्याआधी एक फोन करा आणि "आज नक्की आहे ना, कुठल्या मजल्यावर?" एवढं विचारा.

मी अजून पितोय. आधी सोडून मग यावं का?

असं थांबलात तर कधीच येणार नाही. ए.ए.मध्ये यायची अट एकच आहे, पिणं थांबवायची इच्छा. थांबलेलंच असलं पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. कालच घेतली असेल तरी या. आज घेऊन आलात तर मागच्या बाकावर बसून ऐका. तेवढं बोलू नका, आणि गाडी चालवत येऊ नका.

आता डॉक्टरची गोष्ट, आणि ही लक्ष देऊन वाचा. रोज, बरीच वर्षं, भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात दारू तोडणं धोक्याचं असतं. शेवटच्या पेगनंतर काही तासांतच हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरच्यांनाही ओळखत नाही. याला डिलिरियम म्हणतात आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास यात जीव जातो. सकाळी उठल्याउठल्या घेतल्याशिवाय हात स्थिर होत नसतील, पूर्वी कधी फिट आली असेल, तर आधी डॉक्टरांना गाठा. थोड्या दिवसांची औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व यांनी हा काळ सुखरूप पार पडतो. फिट आली किंवा माणूस बरळायला लागला तर १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा. घरात खोलीत कोंडून "उतरू दे" म्हणून वाट बघू नका. मीटिंग त्यानंतर आहेच, आणि दवाखान्यात भेटायला येणारेही आमच्यात पुष्कळ आहेत.

पहिल्या दिवशी तिथे काय होतं?

माझंच सांगतो. पहिले तीन गुरुवार मी शाळेच्या समोरच्या टपरीवर उभा राहून परत आलो. आत जाणारी माणसं मोजायचो. एक रिक्षावाले, एक इस्त्रीच्या शर्टातले बँकेतले वाटणारे गृहस्थ, एक माझ्याच वयाचा मुलगा. दारुडा वाटावा असा एकही नाही, म्हणून वाटायचं की आपण चुकीच्या जागी आलोय. चौथ्या गुरुवारी पाऊस होता आणि टपरी बंद होती. उभं राहायला जागाच उरली नाही म्हणून आत गेलो.

दुसरीचा वर्ग होता. फळ्यावर सतराचा पाढा अर्धाच लिहिलेला. बाकं इतकी बुटकी की गुडघे छातीशी आले. दाराशी ओल्या चपलांची रांग. कुणीतरी स्टीलच्या किटलीतून चहा ओतून माझ्या हातात दिला. माझा हात एवढा हलत होता की कप निम्मा सांडला. त्या माणसाने काही न बोलता पुन्हा भरला, पण या वेळी अर्धाच, म्हणजे सांडणार नाही. तो अर्धा कप मला अजून आठवतो. हलणाऱ्या हातात किती चहा द्यायचा हे ज्याला कळतं, तो स्वतः त्यातून गेलेला असतो.

मग प्रार्थना होते, बारा पायऱ्या, म्हणजे दारूतून बाहेर यायचा ए.ए.चा कार्यक्रम, वाचतात, आणि "मी अमुक, मी मद्यपी आहे" असं म्हणून एकेक जण बोलू लागतो. तुमच्यावर पाळी आली तर "आज फक्त ऐकतो" म्हटलं की पुरे. मी पहिले पाच आठवडे तेवढंच म्हणालो. मीटिंग संपल्यावर दोघं-तिघं येऊन फोन नंबर देतील. ते नंबर घ्या.

ओळखीचं कुणी भेटलं तर? साहेबांना कळलं तर?

ओळखीचं कुणी भेटलंच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असणार. इथे कुणाला पाहिलं आणि काय ऐकलं, ते बाहेर न्यायचं नाही हा आमचा सर्वांत जुना दंडक आहे. नावापुढे आडनाव लागत नाही, हजेरीपट नसतो, आधार कार्ड मागत नाहीत. माणसं माणसंच असतात, कधी कुणाची जीभ घसरतेही, ते मी नाकारत नाही. पण दुसरी बाजूही बघा. लहान गावात आपलं पिणं लपून राहिलेलं नसतं. गल्लीला ते ठाऊक असतं. गुपित राहिलं आहे असं फक्त आपल्यालाच वाटत असतं. तरीही भीती वाटत असेल तर दोन स्टेशनं सोडून पुढच्या गटात जा. बरेच जण तसंच करतात.

फी किती?

काही नाही. शेवटी एक डबा फिरतो, त्यात दहा-वीस रुपये टाकावेसे वाटले तर टाका, नाहीतर डबा पुढे द्या. खोलीचं भाडं आणि चहा त्यातून निघतो. बाहेरच्या कुणाकडून देणगी घ्यायची नाही असा ए.ए.चा नियमच आहे, मग तो देणारा आमदार असो की कारखाना. "मीटिंगला प्रवेश फी" म्हणून कुणी पैसे मागत असेल तर ती ए.ए.ची मीटिंग नाही.

ओपन आणि क्लोज्ड मीटिंग म्हणजे काय?

क्लोज्ड मीटिंग फक्त मद्यपींसाठी. ओपनमध्ये बायको, भाऊ, मित्र, विद्यार्थी, कुणीही येऊन बसू शकतं. पहिल्यांदा कुणाला सोबत आणायचं असेल तर ओपन कुठली ते फोनवर विचारून घ्या.

यात देवाचं फार असतं असं ऐकलंय. मी देव मानत नाही. / मी माळकरी आहे, मला याची काय गरज?

दोन्ही प्रश्न मला सारखेच येतात, म्हणून एकत्र घेतो. बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, पण "ज्याला जसा कळला तसा" असं तिथेच म्हटलं आहे. आमच्या गटातला एक जण देव मानत नाही. तो म्हणतो, माझ्याहून मोठी शक्ती म्हणजे हा गट, कारण मला एकट्याला जे जमलं नाही ते इथे जमलं. त्याला कुणी टोकत नाही.

माळेबद्दल बोलताना मी जपून बोलतो, कारण माझ्या चुलत्यांची दारू पंढरीच्या वाटेवर सुटली आणि मरेपर्यंत सुटलेलीच राहिली. माळेने ज्याची सुटली त्याने ती घट्ट धरावी. पण माळ काढून खुंटीला लावून पिणारेही मी पाहिलेत, आणि नंतर त्या अपराधाच्या भाराने दुप्पट पिणारेही. शपथ मोडली की माणूस देवासमोर जायला लाजतो. मीटिंगमध्ये शपथ घ्यायची नसते, फक्त आजच्या दिवसापुरतं थांबायचं असतं. उद्याचं उद्या. वारी आणि मीटिंग, दोन्ही करणारे पुष्कळ आहेत.

मी बाई आहे. तिथे सगळे पुरुषच असतील ना?

आपल्याकडच्या बऱ्याच गटांत आजही पुरुषच जास्त असतात, हे खरं आहे आणि मला ते खटकतं. बाईचं पिणं घरातच दडपलं जातं, त्यामुळे ती मदतीपर्यंत फार उशिरा पोचते. म्हणून फोन करताना सरळ सांगा, "मला एखाद्या ताईंशी बोलायचंय." जुन्या स्त्री-सभासद तुमच्याशी बोलतील, पहिल्या दिवशी दाराशी भेटतील. फक्त स्त्रियांच्या मीटिंगही असतात, त्यातल्या काही ऑनलाइन आहेत. भरती व्हायची वेळ आली तर पुण्यात मुक्तांगण या व्यसनमुक्ती संस्थेचं स्त्रियांसाठी निशिगंध हे वेगळं केंद्र आहे.

माझे मिस्टर यायला तयारच नाहीत. मी काय करू?

माझ्याकडे येणाऱ्या फोनपैकी निम्मे हेच असतात. वहिनी, ताई, आई, तुम्ही त्यांची वाट बघू नका. तुम्ही स्वतः जा. घरच्यांसाठी अल-ॲनॉन नावाची वेगळी संघटना आहे, बिलची बायको लोइस हिने एका मैत्रिणीसोबत ती १९५१ मध्ये उभी केली. किशोरवयीन मुलांसाठी अल-अटीन आहे. मुक्तांगणमध्ये रुग्णांच्या पत्नींसाठी सहचरी हा गट चालतो. तिथे "नवऱ्याची दारू कशी सोडवायची" हे शिकवत नाहीत. बारमधलं बिल कोण भरतं, ऑफिसात "त्यांना ताप आहे" असा फोन कोण करतं, उलटी कोण पुसतं, आणि हे सगळं केल्याने नेमकं काय चालू राहतं, हे तिथे हळूहळू उलगडतं. माझी बायको जायला लागली आणि तिने माझ्या साहेबांना खोटं सांगणं बंद केलं. त्या महिन्यात मी तिच्यावर फार चिडलो. मीटिंगला आलो तो त्याच महिन्यात.

एक कळकळीची विनंती. चहातून, भाजीतून गुपचूप दारू सोडवायची पावडर देऊ नका. "नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती भिंतीभिंतींवर असतात. त्यात काय असतं कुणालाच माहीत नसतं. दारू प्यायल्यावर त्रास होणारी डायसल्फिरामची गोळी डॉक्टर देतात, पण ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने. न सांगता दिली आणि तो वरून प्यायला तर रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो, हृदयावर येऊ शकतं. आणि मार खात असाल तर मीटिंग नंतर, आधी सुरक्षित जागी जा. महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन लक्षात ठेवा.

केंद्रात भरती व्हावं की नुसती मीटिंग पुरे?

मघाशी सांगितलेली शरीराची लक्षणं असतील, किंवा पाच वेळा घरी प्रयत्न करून फसले असाल, तर भरती होणं शहाणपणाचं. महाराष्ट्रात याची जुनी परंपरा आहे. मुंबईत वांद्र्याला फादर ज्यो परेरांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मुक्तांगणचे पाठपुरावा गट पुण्याबाहेरही अनेक शहरांत भरतात. ए.ए. नसलेल्या ठिकाणी तेही विचारा. केंद्र निवडताना मारहाण होते का, डॉक्टर रोज येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे स्वतः जाऊन बघा. दाखवायला नकार देणाऱ्या केंद्रात माणूस ठेवू नका. आणि केंद्रातून बाहेर पडलात त्याच आठवड्यात मीटिंग धरा. घरी आल्यावर चौकातलं दुकान तिथेच असतं.

आमच्या तालुक्यात मीटिंगच नाही.

ऑनलाइन मीटिंग करोनापासून पुष्कळ वाढल्या, फोनवर इंटरनेट असेल तर रात्री शेतावरूनही बसता येतं. कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ अभियान आहे, त्यांचे तालुक्याच्या गावी व्यसन उपचार दवाखाने चालतात. आणि दोन मद्यपी न पिता एकत्र बसले की गट सुरू होतो, हे लक्षात ठेवा. जिल्ह्याच्या गटाला कळवा, एखाद्या रविवारी दोघं-चौघं एसटीने येतील आणि कसं चालवायचं ते दाखवतील.

परदेशात आहे, मराठीत बोलायचंय.

स्थानिक ए.ए. तिथे नक्की असेल. अमेरिका-कॅनडात मीटिंग गाइड हे मोफत ॲप आहे. रोजची मीटिंग तिथल्या भाषेत करा, आणि आठवड्यातून एकदा भारतातली ऑनलाइन मराठी मीटिंग धरा. आईबद्दल इंग्रजीत बोलता येत नाही, असं दुबईहून बोलणारा एक जण म्हणाला होता.

याचा खरंच उपयोग होतो का?

माझ्यापुरतं उत्तर तुम्हाला कळलंच आहे. अभ्यासाचं विचाराल तर २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १० हजारांवर रुग्ण तपासून निष्कर्ष काढला, की दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि तिच्याशी जोडून देणारे उपचार इतर पद्धतींच्या तोडीचे, काही बाबतींत सरस ठरतात. आपल्या देशाचं दुखणं वेगळं आहे. २०१९ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत दिसलं, की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळतो. ३७ जण दारापर्यंतच पोचत नाहीत. ए.ए. सगळ्यांना मानवतंच असं नाही. दहा-बारा मीटिंग, दोन-तीन वेगवेगळ्या गटांत, करून बघा आणि मग ठरवा.

मध्येच पुन्हा प्यालो तर?

दुसऱ्या दिवशी मीटिंगला या. आम्ही त्याला स्लिप म्हणतो. मी दोनदा घसरलो, एकदा मेहुण्याच्या हळदीत आणि एकदा काही कारण नसताना. गटारी, धुळवड, एकतीस डिसेंबर आणि लग्नसराई या दिवसांत आमच्या फोनला उसंत नसते. अशा दिवशी उपाशी राहू नका, एकटे राहू नका, भांडण उकरू नका आणि संध्याकाळी सातला कुठे असणार ते सकाळीच ठरवा.

पहिल्या दिवशी सोबत कुणी येईल का?

येईल. फक्त मागावं लागतं. फोनवर सांगा, "एकट्याने यायचा धीर होत नाही." कुणीतरी अर्धा तास आधी निघेल. एसटी स्टँडवर कितव्या फलाटाशी उभे आहात आणि अंगात कुठल्या रंगाचा शर्ट आहे, तेवढं कळवा.